नामांकन नव्हे, उमेदवारी

प्रश्न असा आलाय: 2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन पक्षाकडून जे मिळालं त्याला मराठीत नामांकन म्हणायचं, तिकीट म्हणायचं की उमेदवारी? बातम्यांत तिन्ही दिसतात, तिन्ही चालतात का?

नाही चालत. नामांकन ऐकलं की माझं डोकं उठतं, कारण तो शब्द हिंदी चॅनेलवरून उचललेला आहे आणि उचलताना कुणी क्षणभरही विचार केलेला नाही. आपल्याकडे सरकारी कागदावर नामनिर्देशनपत्र असतं, लोकांच्या तोंडी उमेदवारी अर्ज असतो, आणि नामांकित म्हटलं की नामांकित डॉक्टर, नामांकित शाळा, म्हणजे नावाजलेले. त्या अर्थाने ट्रम्प राजकारणात यायच्या कितीतरी आधीपासून नामांकित होतेच. काही विद्वान लगेच सांगतात की नॉमिनेशनमधलं लॅटिन नोमेन आणि आपलं नाम हे सख्खे भाऊ, म्हणून नामांकनच शुद्ध. मूळ एक आहे हे खरंच आहे, पण मूळ एक असलं म्हणून वापर एक होत नाही, आणि मराठीत कोणता शब्द रुळलाय हे लॅटिनला विचारून ठरत नाही. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा तहसील कचेरीबाहेर अर्ज भरायच्या दिवशी उभं राहावं आणि लोक काय बोलतात ते ऐकावं.

तिकीट त्याहून घोटाळ्याचं. आपल्याकडे तिकीट कुणीतरी देतं. पक्षश्रेष्ठी देतात, मग एबी फॉर्म येतो, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो पोचवायला पळापळ होते, आणि ज्याचं तिकीट कापलं जातं तो बंडखोरी करतो. ट्रम्पना असं कुणी काहीही दिलेलं नाही. उलट जे श्रेष्ठी होते त्यांना ते नकोच होते. 2012 चे पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी 3 मार्च 2016 ला खास भाषण करून ट्रम्पना भोंदू म्हटलं, उमेदवारीच्या शर्यतीतले जेब बुश यांच्या पाठीशी दहा कोटी डॉलरहून जास्त पैसा उभा होता, आणि तरी साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्यात होणाऱ्या मतदानात, एक तृतीयांशाच्या आसपास मतं घेऊन ट्रम्पनी तिथले 50 च्या 50 डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) नेले आणि बुश त्याच रात्री बाहेर पडले. प्रायमरीत मत देतात ते साधे मतदार, श्रेष्ठी बघत बसतात. शिवाय अमेरिकेत तिकीट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोघांची जोडी, म्हणजे ट्रम्प-पेन्स हे तिकीट. एकट्याला तिकीट मिळालं असं तिथे म्हणतच नाहीत.

आणि बंडखोर! ट्रम्पना सर्रास बंडखोर लिहितात, तेही चूक. बंडखोर म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभा राहणारा. ट्रम्प पक्षात राहूनच लढले, त्यांनी फक्त बंडखोरीची तलवार टांगती ठेवली. 6 ऑगस्ट 2015, क्लीव्हलंड, पहिली डिबेट, स्टेजवर दहा जण, आणि पहिलाच प्रश्न असा की जो कुणी शेवटी उमेदवार ठरेल त्याला पाठिंबा द्यायला आणि अपक्ष न लढायला कोण तयार नाही, त्याने हात वर करावा. एकच हात वर गेला, मधोमध उभ्या असलेल्या ट्रम्पचा, प्रेक्षकांत हुर्यो उडाली तरी तो खाली आला नाही. महिन्याभरात त्यांनी पाठिंब्याच्या शपथपत्रावर सही केली आणि पुढच्या मार्चमध्ये तो शब्द परतही घेतला. याला मराठीत बंडखोरीची धमकी म्हणतात. (यातला खोर म्हणजे फारसीत खाणारा, लाचखोर म्हणजे लाच खाणारा हे सरळच, मग तोच प्रत्यय भांडखोरात आणि बंडखोरात जाऊन नुसता सवय दाखवणारा झाला, पण तो विषय वेगळा.)

आता उमेदवार. कॅन्डिडेट म्हणजे पांढरा झगा घालणारा रोमन हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. आपला शब्द त्याहून कितीतरी सुंदर आहे. उमेद ही फारसी, अर्थ आशा, आणि वार हा बाळगणारा असं सांगणारा प्रत्यय, म्हणजे उमेदवार हा आशा धरून बसलेला माणूस. हिंदीत उम्मीद अजून आशाच आहे. मराठीत मात्र उमेद सरकली, तिच्यात जोर आला. उमेदीची वर्षं, उमेदीचा काळ, उमेद खचली, पोरगा उमेदीचा आहे, यातल्या कशातही नुसती आशा बसत नाही, अंगातली धमक बसते. आपण लढणार हे जाहीर करायला ट्रम्प टॉवरच्या त्या सरकत्या जिन्यावरून ट्रम्प 16 जून 2015 ला खाली आले तेव्हा त्यांना 69 पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे आपल्या हिशेबाने उमेदीची वर्षं केव्हाच उलटलेली. पण प्रचारभर बुशना त्यांनी कशावरून झोडपलं? माणसात दम नाही, एनर्जी नाही, यावरून. मला विचाराल तर तो आरोप नेमका मराठी उमेदीवरचा होता.

आणि खरी गंमत उमेदवारीत आहे. पूर्वी मामलेदार कचेरीत पोरं बिनपगारी राबायची, नकला करायची, दप्तरं लावायची, कधीतरी कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर, त्याला उमेदवारी करणं म्हणत. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशातसुद्धा उमेदवार सापडतो तो नोकरीची वाट बघणारा म्हणूनच. मतं मागणारा उमेदवार नंतरचा. माझं ठाम म्हणणं आहे की आपल्याकडे नगरपालिकांच्या निवडणुका आल्या तेव्हा नवा शब्द घडवायची वेळच आली नाही, कचेरीच्या ओसरीवर बसलेला माणूस तसाच उचलून मतपेटीपुढे उभा केला. जे म्हणतात की हे दोन अर्थ फारसीतून आपापले वेगळे आले त्यांनी पुरावा दाखवावा, मी आजवर पाहिलेला नाही. आणि जुना अर्थ मेलेला अजिबात नाही, आयटीआयच्या पोरांना विचारा, एसटीची, रेल्वेची जाहिरात बघा, आजही शिकाऊ उमेदवारच लिहितात. अप्रेंटिसला सरकारी मराठी प्रतिशब्द तोच आहे!

म्हणजे बघा, 2004 पासून ज्या 'द अप्रेंटिस' या टीव्ही शोने ट्रम्पना घराघरात नेलं, जिथे ते टेबलामागे बसून एकेकाला तू डिसमिस म्हणायचे, त्याचं नाव मराठीत करायचं तर उमेदवारच करावं लागेल. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या उमेदवारीचा निकाल लावणारा माणूस 17 जणांच्या गर्दीत स्वतः उमेदवारी मागायला उतरला, आणि जुन्या अर्थाची उमेदवारी त्याने कधी केलेलीच नव्हती. सिनेटर नाही, गव्हर्नर नाही, साधा नगरसेवक नाही, सैन्यात नाही. समोर कोण होते, तर क्रूझ, रुबिओ, केसिक, बुश, सगळे वर्षानुवर्षं उमेदवारी करून आलेले. रिपब्लिकन पक्षात याआधीचं असं उदाहरण सापडतं ते 1940 चं, वीज कंपनीचे अध्यक्ष वेंडेल विल्की, तेही आधी डेमोक्रॅट, त्यांनीही आधी एकही सरकारी पद भूषवलेलं नव्हतं. पण विल्कींना उमेदवारी मिळाली ती फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात मतदानाच्या सहाव्या फेरीत, डेलिगेटांची मनं वळवून. ट्रम्पना मिळाली ती प्रायमरीत जवळपास 1 कोटी 40 लाख मतं घेऊन, आणि एवढी मतं त्या पक्षाच्या प्रायमरीत त्याआधी कुणालाच पडलेली नव्हती. दोघेही व्यापारी, दोघेही बाहेरचे, पण उमेदवारीची वाट पूर्ण वेगळी.

हां, मूळ प्रश्नात आणखी एक दडलेलं आहे, की उमेदवार म्हणायचं कधीपासून. जून 2015 ते मे 2016 ते इच्छुक होते. इच्छुक हा आपल्या पत्रकारांचा फार चांगला शब्द आहे, इच्छुकांची भाऊगर्दी असं दर निवडणुकीत छापतात, तो अमेरिकेला वापरायला काय हरकत आहे? 1 फेब्रुवारीला आयोवात क्रूझ पहिले आले तेव्हा दोघेही इच्छुकच. 3 मे ला इंडियानात हरल्यावर क्रूझ बाजूला झाले, दुसऱ्या दिवशी केसिक, आणि मग सगळीकडे सुरू झालं, संभाव्य उमेदवार ट्रम्प. अहो, संभाव्य तर सुरुवातीला 17 च्या 17 होते! समोर कुणीच उरलेलं नसताना संभाव्य कसले? मराठीत याला नेमका प्रयोग आहे, उमेदवार झाल्यात जमा. निवडून आल्यात जमा, लग्न ठरल्यात जमा, तसंच. 26 मे ला 2,472 पैकी 1,237 डेलिगेटांचा, म्हणजे बहुमताचा, आकडा पार झाला तरीही झाल्यात जमाच, झाले नव्हेत, कारण 18 जुलैला क्लीव्हलंडच्या अधिवेशनात विरोधकांनी सह्या गोळा करून नियमांवर राज्यवार मतदान मागितलं होतं, खाली आरडाओरडा चालू असताना वरून आवाजी मतदानाने ते गुंडाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी, ज्या हॉलमध्ये अकरा महिन्यांपूर्वी तो एकटा हात वर गेला होता तिथेच, एकेका राज्याचं नाव पुकारत न्यू यॉर्कची पाळी आली, ट्रम्प यांच्या मोठ्या मुलाने आकडा सांगितला आणि बहुमत झालं. 19 जुलै 2016. उमेदवार हा शब्द इथपासून लावा.