टॅबलेट-लॅपटॉप मधेच गोठतो: तिसऱ्यांदा फॉरमॅट मारण्याआधी

तुमचं म्हणणं थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. कीबोर्ड सुटा होणारा टू-इन-वन, पंखा नाही, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवणारी चिपची डिस्क), विंडोज ११. दिवसातून दोन-तीनदा स्क्रीन आहे तशी थिजते, वेळेचा काही नेम नाही. पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिलं, चार दिवस बरं चाललं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता तो मदरबोर्ड बदला म्हणतोय.

मदरबोर्डचे पैसे इतक्यात मोजू नका. दोन फॉरमॅटनंतरही तेच होतंय म्हणजे तिसऱ्याने काही साधणार नाही, हे खरं. पण हार्डवेअर गेलंय हे त्यावरून ठरत नाही. विंडोज नव्याने टाकलं की काही दिवसांत अपडेट तेच ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) पुन्हा आणून बसवतं, त्यामुळे मधले चार दिवस बरे जाऊ शकतात.

‘गोठला’ या एका शब्दात चार वेगळे बिघाड लपलेले असतात: नुसतं चित्र अडकणं, नुसता टच मरणं, स्टोरेजने उत्तर न देणं आणि आख्खं मशीन बंद पडणं. चौघांचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. आणि कुठला बिघाड आहे हे फक्त गोठलेल्या क्षणीच कळतं. बटण दाबून धरलंत की पुरावा गेला. म्हणून पुढच्या वेळी दोन मिनिटं बटणाला हात लावू नका.

तयारी एवढीच: वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस लावून ठेवा. पोर्ट टाइप-सी असेल तर छोटा हब लागेल. टॅबलेटच्या स्वतःच्या कीबोर्डवर या कामात विश्वास नको. त्याच्या पिना मळल्या तरी तो मुका होतो आणि आपल्याला वाटतं मशीन गेलं. दुसरं, बारीक आवाजात गाणं लावून ठेवा.

आता गोठल्यावर पाहा. गाणं चालू आहे आणि कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतोय-विझतोय? मग मशीन जिवंत आहे, अडकलंय ते चित्र. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होईल, बीप वाजेल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होईल. चित्र परत आलं तर चोर सापडला. पातळ, बॅटरीवर चालणाऱ्या इंटेलच्या मशीनवर माझा पहिला संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर असतो. स्क्रीनवर काही हलत नसेल तेव्हा पॅनल शेवटचं चित्र स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतं आणि ग्राफिक्सचा भाग झोप काढतो. वीज वाचते. पण उठताना दोघांचा ताळमेळ चुकला की तुम्ही जुन्याच चित्राकडे बघत बसता, मागे सगळं सुरळीत चालू असतं. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा, सिस्टिम, त्यात पॉवर, आणि तिथे पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, तेवढी किंमत परवडते. ड्रायव्हर आधी टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. त्याने भागलं नाही तरच इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाका. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र अजिबात नकोत.

माऊसने सगळं चालतंय आणि फक्त बोटाला दाद नाही, असं असेल तर काम सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरमधे ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन शोधा, डिसेबल करून पुन्हा एनेबल करा. टच परत आला तर काच शाबूत आहे, दोष ड्रायव्हरचा किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगचा.

टच चार्जिंगला लावल्यावरच बिनसत असेल तर चार्जर आणि अर्थिंग बघा. बोटामुळे विद्युत धारितेत जो सूक्ष्म फरक पडतो, तो टच मोजतो. अर्थिंग नसेल तर चार्जरमधून येणाऱ्या गोंगाटात तो फरक बुडतो. मग टच एकतर गप्प बसतो, नाहीतर कुणी न शिवता आपोआप उघडझाप करतो. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणून मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही, जुन्या इमारतींत तर नाहीच धरून चाला. धातूच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर समजून जा. चार्जर काढून तासभर वापरून पाहा.

याच जोडीला बॅटरी फुगली नाही ना, ते बघा. टॅबलेट सपाट काचेवर ठेवा. डगमगतोय का, स्क्रीनची कड उचलली गेलीय का, कुठे उजळ डाग पडलाय का? फुगलेली बॅटरी आतून पॅनलवर दाब देते. तसं दिसलं तर पुढचं काही करू नका: चार्जिंग बंद, मशीन बंद, थेट सर्व्हिस सेंटर. कड दाबून बसवायची नाही आणि घरी उघडायचं तर मुळीच नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. माऊसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. गाणं थोडा वेळ चालतं, कारण तेवढं मेमरीत आलेलं असतं, मग तेही थांबतं. अर्ध्या-एक मिनिटाने सगळ्या क्लिक एकदम फुटतात, किंवा फुटतच नाहीत. हे एसएसडीचं लक्षण. स्टार्टमधे शोधून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि गोठल्याच्या वेळेला १२९ किंवा १५३ क्रमांकाची नोंद आहे का बघा. १२९ म्हणजे एसएसडीने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचायचा-लिहायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. १२९ दिसला की एसएसडी मेली असं बहुतेक जण धरून चालतात. पुष्कळदा ती फक्त वीज वाचवायच्या झोपेतून वेळेवर उठलेली नसते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधल्या प्रगत सेटिंगमधे पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बॅटरीवर आणि चार्जिंगवर, दोन्हीकडे ऑफ करा. पुष्कळ टॅबलेटवर ही ओळ दडवलेली असते. मग बायोसमधे (मशीन सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग) हेच एएसपीएम (ASPM) नावाने शोधा. तिथेही नसेल तर एसएसडीचं आणि टॅबलेटचं फर्मवेअर (चिपमधेच भरलेलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं हाच मार्ग.

एसएसडी खरंच थकलीय का हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर सांगेल. त्यात ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’समोर शून्य हवं आणि ‘परसेंटेज यूज्ड’ शंभराच्या बरंच खाली हवं. पहिल्या ओळीत शून्याव्यतिरिक्त काही दिसलं तर तपास बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. ज्यांच्याकडे ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसीचे (एसएसडीऐवजी साधी स्टोरेज चिप असलेले) स्वस्त टॅबलेट आहेत त्यांच्या गोठण्याचं कारण बहुधा याहून साधं असतं: जागा भरलेली असते. मोकळे ब्लॉक संपले की लिहिण्याचा वेग कोसळतो. १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

आणि चौथा. आवाज शेवटच्या तुकड्यावर अडकून टर्रर्र करतोय, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, बाण हलत नाही. हे खरं गोठणं. सुरू केल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमधे लाल खुणेसह कर्नल-पॉवर ४१ दिसेल आणि इंटरनेटवर त्यावर पॉवर सप्लायपासून रॅमपर्यंत सगळं बदलायचे सल्ले मिळतील. सोडून द्या. ४१ एवढंच सांगतो की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं, आणि ते तर तुम्हीच बटण दाबून केलंत. कामाची नोंद त्याच्या आगेमागे शोधायची. ह्विआ-लॉगर (WHEA-Logger, विंडोजची हार्डवेअरच्या दोषांची नोंद) नावाखाली १८ दिसला तर हार्डवेअरचा जीवघेणा दोष आहे. १९ म्हणजे प्रोसेसरने दोष पकडून दुरुस्त केला. १७ बहुतेक वेळा पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीतला, तोही दुरुस्त झालेला, आणि त्यावर वरचंच लिंक स्टेटचं सेटिंग आधी करून पाहायचं.

मग रॅम. विंडोज मेमरी डायग्नोस्टिकचा नेहमीचा फेरा वरवरचा आहे. चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा, किंवा पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही फेरे रात्रभर होऊ द्या, चार्जर लावून. एकही चूक चालत नाही. शून्य म्हणजे शून्यच.

उष्णतेचं वेगळं सांगतो, कारण तिच्यावर नको तेवढं खापर फुटतं. प्रोसेसर तापला, म्हणजे साधारण १०० अंशांच्या आसपास गेला, की वेग कमी करतो, गोठत नाही. पण वेग फारच पडला तर गोठल्यासारखाच वाटतो. २०१९ मधे सरफेस प्रो ६ आणि सरफेस बुक २ वर प्रोसेसर ०.४ गिगाहर्ट्झवर अडकून राहत असल्याचं गाजलं होतं. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सखाली वेग बघा. तिथे असाच आकडा चिकटून बसला असेल तर चार्जर काढा, पूर्ण बंद करून सुरू करा. पुष्कळ टॅबलेट ० ते ३५ अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यातल्या विदर्भात हा आकडा सकाळीच ओलांडला जातो. पंखा नसल्यामुळे धातूची पाठ हाच रेडिएटर. तिला चामड्याचं कव्हर घालून गादीवर ठेवलं तर उष्णता जाणार कुठे?

या सगळ्यासाठी एक कामाचं हत्यार म्हणजे एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे सॉफ्टवेअर. ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडून लॉगिंग सुरू करून ठेवा. दर दोन सेकंदांनी तापमान, वेग, वीज यांची ओळ फायलीत पडत राहते. गोठल्यानंतरची शेवटची ओळ पाहिली की तापमानाबद्दलचा वाद तिथेच मिटतो.

शट डाउन करून पुन्हा सुरू केल्यावरच गोठत असेल, पण रीस्टार्टनंतर नाही, तर कंट्रोल पॅनलमधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ने कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, खरा बंद होत नाही, जुनी अवस्था साठवून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’ने मात्र होतो.

एवढं करूनही उलगडलं नाही तर विंडोज बाजूला ठेवून पाहा. ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारं लिनक्स) टाका, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा आणि व्हिडिओ लावून ठेवा. तुमचं मशीन दिवसातून दोन-तीनदा गोठतं, म्हणजे तासभर चालून उपयोग नाही, अख्खा दिवस हवा. तिथेही गोठलं तर हार्डवेअर किंवा फर्मवेअर. नाही गोठलं तर विंडोजचे ड्रायव्हर किंवा एसएसडी, कारण पेन ड्राइव्हवरून चालताना ती वापरात नसते. अपवाद जुन्या ॲटम प्रोसेसरच्या बे-ट्रेल टॅबलेटचा: त्यांच्यावर लिनक्स स्वतःच्याच दोषाने गोठायचं, प्रोसेसर खोल झोपेत गेला की उठायचा नाही. कर्नलला मॅक्स सी-स्टेट १ असा पर्याय देऊन ते थांबवायचे. म्हणून त्या मशीनवर ही चाचणी ग्राह्य धरू नका.

एका वेळी एकच बदल, मग तीन दिवस थांबा. पाच सेटिंग एकदम बदललीत तर बरं कशाने झालं ते कळणार नाही.

मेमटेस्टमधे चूक निघाली किंवा ह्विआचा १८ वारंवार आला, तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी. अशा टॅबलेटमधे रॅम आणि प्रोसेसर बोर्डलाच डकवलेले असतात, सुटे बदलता येत नाहीत. तेव्हा मशीन त्याच्या हातात देण्याआधी, आणि खरं तर बायोसला हात लावण्याआधीही, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी की कागदावर उतरवून घ्या. विंडोज ११ मधे डिस्क तुमच्या नकळत कुलूपबंद झालेली असू शकते आणि कुलपाची किल्ली त्या बोर्डवरच्या टीपीएम चिपमधे असते. बोर्ड बदलला की तुमचीच एसएसडी तुम्हाला ओळखत नाही. आणि एसएसडीही बोर्डला डकवलेली असेल, तर डेटा आधीच बाहेर काढा. जुन्या बोर्डबरोबर तीही जाते.