गोव्यात लोकचालींवर स्वतःची गाणी लिहून-गाऊन पोट भरता येईल का? जत्रेत ती कशी सादर करावीत?

तुमच्याकडे लोकचालींवर लिहिलेली वीसेक गाणी आहेत आणि नोकरी सोडायचा विचार चालू आहे, असं तुम्ही म्हणता. मी डिचोली तालुक्यातला. अठरा वर्षं स्वतःची गाणी गातोय. सोबत दोन घुमटं (मातीच्या भांड्याची तालवाद्यं), एक शामेळ (ढोल) आणि कांसाळें (झांजा).

आधी मंचाचं बोलतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. पहिल्या जत्रेत मी सहा कडव्यांचं गच्च गाणं म्हटलं. शब्द चांगले होते, आजही मला तसंच वाटतं. पण तिसऱ्या कडव्याला माणसं उठून खाज्यांच्या दुकानांकडे गेली. कार्यक्रम संपल्यावर घुमट वाजवणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी एवढंच विचारलं, "बाबा, आमी खंय म्हणचें?" म्हणजे, आम्ही कुठे म्हणायचं?

धालोत, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यात, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. ह्या चाली मुळात दुसऱ्याने उचलण्यासाठीच घडल्या आहेत, आणि मी माझ्या गाण्यात लोकांना जागाच ठेवली नव्हती. आता मी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आधी लिहितो आणि ते घरात, अंगणात, शेजाऱ्यांच्या पोरांना एकदाच म्हणून दाखवतो. दुसऱ्या वेळी ती आपणहून म्हणाली नाहीत, तर ते बदलतो. तुमची वीसही गाणी ह्या कसोटीवर लावून बघा. माझी निम्मी गळाली होती.

आता घुमटाबद्दल, कारण ध्वनियंत्रणावाले ते नेहमी बिघडवतात. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडं असतं, लहान तोंड उघडं. डाव्या हाताने ते झाकत-उघडत खर्ज वळवला जातो. एकच माईक चामड्यासमोर ठेवला तर नुसती टपटप ऐकू येते, सगळा घुमारा मागच्या तोंडाशीच राहतो. दुसरा माईक मागे हवाच, त्यासाठी भांडायला लागलं तरी भांडा. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दमट हवेत ते सैल पडतं, तेव्हा मंचावर जाण्याआधी शेकून घ्या. २०१९ मध्ये सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हा आमचे काका रडले होते.

पैशांचं थोडक्यात. शिगमा (होळीचा सण), जत्रा, चवथ ह्या दिवसांत हातात काम असतं, भर पावसात जवळजवळ काहीच नाही. म्हणून नोकरी लगेच सोडू नका. मी अजूनही अर्धवेळ संगीत शिकवतो. गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरातच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर अल्बम केला आणि कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. त्यांचं संगीत वेगळं, पण आपलं गाणं आपणच लोकांच्या हातात देण्याची ती हिंमत मला फार मोठी वाटते.

करारावर घाईने सही करू नका. मी एकदा केली आणि दोन गाणी हातची गेली. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत नाव नोंदवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीच्या नावावर लिहून देता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर!

मात्र पारंपरिक चाल तुमच्या नावावर लावू नका. पौषात मांडावर, म्हणजे धालो होतात त्या गावच्या जागेवर, जाऊन ऐका, विचारून घ्या, आणि मंचावरून गावाचं नाव सांगा. मी पहिल्यांदा तसं सांगितलं तेव्हा त्या गावच्या सात-आठ बायका पुढच्या वर्षी ऐकायला आल्या, आणि ध्रुपद त्यांनीच उचललं.