वाचकांचे प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह गाडीची ऑइले केव्हा बदलावीत?

प्रश्न : मी गेल्या वर्षी जुन्या बनावटीची डिझेल थार विकत घेतली. ती 62,000 किलोमीटर चाललेली आहे. आधीच्या मालकाने दिलेल्या पावत्यांमध्ये इंजिन ऑइल व फिल्टर यांखेरीज दुसरे काही बदलल्याची नोंद नाही. आमची शेती पाटण तालुक्यात असून पावसाळ्यात तेथे जाताना ओढे ओलांडावे लागतात. कोणते ऑइल केव्हा बदलावे, याचे मार्गदर्शन करावे. – एक वाचक, कराड

उत्तर : इंजिन ऑइल बहुतेक सर्वजण वेळेवर बदलतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते पाळले की पुरे. आपल्या पावत्यांवरून खरी काळजी वाटते ती गाडीच्या पोटाखालच्या चार पेट्यांची, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल (अॅक्सलवरची, डाव्या-उजव्या चाकांना ताकद देणारी पेटी; गॅरेजच्या भाषेत 'क्राऊन') यांची. नेहमीच्या मोटारीला यांतल्या दोन पेट्या नसतातच. त्यामुळे ज्या गॅरेजमध्ये फोर व्हील ड्राइव्ह गाड्या क्वचित येतात, तेथे 'क्राऊनचे ऑइल बदला' असे सांगितले तर मागचे बदलले जाते आणि पुढचे तसेच राहते. इंजिनाप्रमाणे या पेट्यांना सहसा फिल्टर नसतो. दातांच्या घर्षणातून निघालेला लोखंडी चुरा त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो. फार तर ड्रेन नटावरचे लोहचुंबक त्यातला काही भाग धरून ठेवते.

कोरड्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे ऑइल साधारणपणे 40,000 किलोमीटरपर्यंत टिकते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. दहा-वीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचे अॅक्सल हाऊसिंग, म्हणजे डिफरन्शियलची पेटी, चांगलेच तापलेले असते. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि पेटीत पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी पेटी ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या छोट्या तोंडातून) हवा ओढते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच ओढले जाते. झिजलेल्या ऑइल सीलमधूनही पाणी असेच आत शिरते. म्हणून ओढ्याच्या काठावर दहा मिनिटे थांबून गाडी थोडी निवू द्यावी. ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर नेणे हा त्याहून चांगला उपाय होय. खर्च किरकोळ आहे. इतर कोणतीही सजावट करण्याआधी हे काम करून घ्यावे, असे माझे मत आहे.

पाणी शिरले आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. दूध घातलेल्या चहासारखा रंग ऑइलला आला असेल, तर पाणी त्यात घुसळले गेले आहे असे समजावे. गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते. सकाळी ड्रेन नट किंचित सैल केला की आधी पाण्याचे थेंब येतात आणि मागून ऑइल. असे दिसल्यास किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल त्याच आठवड्यात बदलावे, कारण बेअरिंगला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस निप्पल असतील, तर त्याच वेळी नवे ग्रीसही भरून घ्यावे.

आपल्या गाडीचा इतिहास माहीत नसल्यामुळे या चारही पेट्यांचे ऑइल आताच एकदा बदलून तारीख वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर दरवर्षी पाऊस ओसरल्यावर तपासणी करावी. खंडेनवमीला गाडीला हार घालण्याआधी तिच्या खाली एकदा डोकावले, तर दोन्ही कामे एकाच दिवशी होतील.

बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जुने ऑइल सोडण्याआधी वरचा फिलर नट सुटतो याची खात्री करावी. खालचा नट काढून पेटी रिकामी झाली आणि वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. दुसरी, एकच डबा सर्व पेट्यांत ओतू नये. डिफरन्शियलच्या दातांवर घसटीचा मोठा दाब येतो, म्हणून तेथे सहसा जीएल-5 दर्जाचे ऑइल लागते; गिअरबॉक्समधल्या, गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांसाठी मात्र अनेक कंपन्या जीएल-4 सांगतात. पाच हा आकडा मोठा म्हणून ते ऑइल सर्वत्र सरस ठरते, असे नाही. काही ट्रान्स्फर केसमध्ये तर गिअर ऑइल न घालता ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल घालावे लागते. येथे मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा पुस्तिकेवर भिस्त ठेवावी.

प्रश्न : माझ्या गाडीचे ब्रेक ऑइल काळे पडलेले नाही, पातळीही बरोबर आहे. तरी दोन वर्षे झाली म्हणून ते बदलण्याचा आग्रह गॅरेजवाले करतात. हा खर्च आवश्यक आहे काय? – एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : आवश्यक आहे, आणि आपल्या गावी तर अधिकच. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. पसरणीचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबले जातात आणि चाकाजवळचे ऑइल तापते. ते उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकूनही गाडी थांबत नाही. ओलावा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे रंगावरून निर्णय घेऊ नये. फोडून ठेवलेली जुनी बाटलीही वापरू नये.

प्रश्न : माझी बीएस-6 डिझेल गाडी मुख्यतः शहरातच फिरते. डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. असे का होते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सायलेन्सरच्या मार्गातील डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडते. छोट्या फेऱ्यांमुळे हे काम अर्धवट राहिले की थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर नुसते जास्तीचे काढून न टाकता सर्व ऑइल व फिल्टर बदलावेत, आणि नवे ऑइल डीपीएफसाठी चालणारे, कमी राख करणारेच घ्यावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवावी. डीपीएफचा दिवा लागलेला असताना मात्र ती मध्येच बंद करू नये.