वाचक विचारतात : तळघरातला कोळसा

ईशान्य पेनसिल्व्हेनियात, म्हणजे स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझल्टन, पॉट्सव्हिल या पट्ट्यात जुनं घर घेतलं की तळघरात कोळशाचा स्टोव्ह किंवा निदान कोळशाची रिकामी कोठी सापडतेच. इथला कोळसा अँथ्रासाइट. कडक, चकचकीत, जवळजवळ बिनधुराचा आणि पेटायला महाहट्टी. १८०८ साली विल्क्स-बॅरीच्या जेसी फेल यांनी भात्याशिवाय, साध्या लोखंडी जाळीवर तो जाळून दाखवला. तोवर घर तापवायला हा दगड कामाचा नाही, असंच बहुतेक लोक धरून चालले होते. थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं अजूनही त्याच जाळीभोवती फिरतात.

प्रश्न : घरासोबत हाताने कोळसा घालायचा स्टोव्ह मिळाला. लाकडं छान पेटतात, पण वर कोळसा ओतला की तासाभरात सगळं थंड. विक्रेत्याने ‘नट’ दिला आहे. माल खराब निघाला का?
— नवशिका, स्क्रँटन

उत्तर : मालाला बोल लावू नका. नट, म्हणजे साधारण पाऊण ते दीड इंचाचा खडा, हाताच्या स्टोव्हला योग्यच आहे. घाई नडते आहे. चंद्रपूर-वणीकडच्या दगडी कोळशात ज्वलनशील वायू भरपूर असतात, त्यामुळे तो चटकन पेटतो आणि धूरही तेवढाच काढतो. अँथ्रासाइटमध्ये ते वायू अगदी थोडे. खडा आतपर्यंत लाल होईस्तोवर त्याला बाहेरून आच लागते. बादलीभर गार कोळसा एकदम ओतलात की खालच्या निखाऱ्यांची सगळी ऊब तोच पिऊन टाकतो.

आधी स्टोव्ह कोळशाचाच आहे ना, ते पाहा. जाळी हलवायची दांडी, जाळीखालून हवा घेणारी फिरती चकती आणि कडेने फायरब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा, हे तिन्ही हवं. सपाट तळाच्या, वरून हवा घेणाऱ्या लाकडाच्या स्टोव्हमध्ये अँथ्रासाइट जळत नाही, कितीही खटपट करा.

आता पेटवणं. कागद, त्यावर बोटाएवढ्या सुक्या काटक्या, त्यावर मनगटाएवढी कठीण लाकडं. लाकडांऐवजी दोन-तीन पौंड लोणारी कोळसा घेतला तर काम सोपं होतं, मात्र बार्बेक्यूच्या तेल लावलेल्या वड्या नकोत. राखेचं दार किलकिलं ठेवा. वीसेक मिनिटांत ज्वाळा बसून निखाऱ्यांचा सलग थर झाला की त्यावर एका खड्याच्या जाडीचा कोळसा पसरा, मधून लाली दिसत राहील असा. तडतड आवाज येईल, तो ओलावा निघून जाण्याचा. दहा मिनिटांत निळ्या ज्वाळा वर आल्या की दुसरा थर, मग तिसरा. साधारण पाऊण तासात फायरब्रिकच्या वरच्या काठापर्यंत भरा. इथे नवीन माणूस हात आखडता घेतो आणि फसतो. उथळ थर स्वतःला तापता ठेवू शकत नाही. ऊब कमी हवी असेल तर हवा कमी करा, कोळसा कमी करू नका.

भरून झालं की राखेचं दार बंद करा आणि पुढचा सगळा कारभार चकतीवर सोपवा. ते दार उघडं असताना जिना चढून वर जायचं नाही, फोन वाजला तरी नाही. उघड्या दाराने स्टोव्ह काही मिनिटांत बेफाम तापतो, जाळी वाकते आणि शेजारचं लाकूडसामान धोक्यात येतं.

प्रश्न : रात्री कोळसा घातला, दार लावलं. पाच मिनिटांनी ‘ढब्ब’ असा आवाज झाला, पाइपचा सांधा हलला आणि खोलीभर बारीक राख. घरात लहान मुलं आहेत. स्टोव्ह बंदच करावा का?
— काळजीत, हेझल्टन

उत्तर : बंद करू नका, भरायची पद्धत बदला. ताज्या कोळशातून सुरुवातीला थोडे वायू सुटतात. तुम्ही निखाऱ्यांवर सगळीकडून कोळसा पसरल्यामुळे त्यांना पेट द्यायला ज्योतच उरली नाही. वायू आत साठले, मग कुठून तरी एक ज्योत वर आली आणि सगळे एकदम पेटले.

भरण्याआधी पाच-दहा मिनिटं हवा वाढवून आच जागी करा. दार आधी इंचभरच उघडा, क्षणभर थांबा, मग पूर्ण. कोळसा मागे आणि एका बाजूला चढता रचा, पुढचा एक कोपरा लाल उघडा ठेवा. त्या कोपऱ्यातून निळ्या ज्वाळा नव्या कोळशावर पसरल्या की मगच हवा नेहमीच्या खुणेवर आणा. वरच्या दाराला हवेची छोटी झडप असेल तर या वेळात ती थोडी उघडी असावी. पोत्याच्या तळाचा ओला चुरा एकदम ओतू नका. तो चिखलासारखा बसतो आणि हाच प्रकार घडवतो. चुरा मूठ-मूठ, चांगल्या पेटलेल्या आचेवर.

हललेला सांधा आजच पाहा. पाइपच्या प्रत्येक जोडाला तीन स्क्रू हवेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळघरात एक आणि झोपायच्या मजल्यावर एक, दोन्ही बॅटरीवर चालणारे. या वायूला वास नाही आणि अँथ्रासाइटला धूर नाही, त्यामुळे नाकावर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : तुम्ही दर वेळी नवख्यांना चिमणीची ओढ मोजणारा मॅनोमीटर आणि ती आपोआप आवरणारा बॅरोमेट्रिक डॅम्पर घ्यायला लावता. आमच्या वाडवडिलांनी पाइपातल्या साध्या पत्र्याच्या झडपेवर जन्म काढला. पाइपला हात जवळ नेला की ओढ कळते. उगाच खर्च कशाला?
— जुना जाणता, पॉट्सव्हिल

उत्तर : काका, तुमच्या चिमणीपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. वारा वायव्येचा आहे की बाहेर पाऊस आहे, हे तुमचा हात स्टोव्हवरून सांगत असेल. पण ज्याने एकही हिवाळा त्या चिमणीखाली काढला नाही, त्याचा हात कशाशी ताडून पाहणार?

चिमणीची ओढ आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर आणि वाऱ्यावर ठरते, म्हणजे दिवसभर बदलते. संध्याकाळी बसवलेली पत्र्याची झडप पहाटे दोनला वारा सुटला तरी तिथेच राहते. बॅरोमेट्रिक डॅम्परचं पान ओढ वाढली की आपोआप उघडतं आणि खोलीतली हवा पाइपात घेतं, त्यामुळे आचेवरची ओढ जवळपास सारखी राहते. लाकडाच्या स्टोव्हला मात्र तो लावू नये. तिथे गार हवेने चिमणीत डांबर धरतं.

मॅनोमीटरचं भोक स्टोव्ह आणि डॅम्पर यांच्यामध्ये, पाव इंचाचं. पाइपाजवळ फूटभर तांब्याची नळी, पुढे रबरी. उपकरण पातळीत लावून आधी शून्यावर आणा. हाताच्या बहुतेक स्टोव्हना उणे ०.०३ ते ०.०५ इंच पाणी (मॅनोमीटरवरचं दाबाचं माप) एवढी ओढ पुरते, तरी उत्पादकाच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. ०.०८ च्या पुढे काटा गेला तर तुम्ही अंगण तापवताय. ०.०२ च्या खाली रेंगाळला तर वायू घरात परतायची भीती. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये, बाहेर पन्नास अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की, असंच होतं. तेव्हा आच जगवत बसण्यापेक्षा विझू द्यावी.

तुमच्या पिढीची एक शिकवण मात्र आम्ही दर अंकात छापायला तयार आहोत : वरून सळई खुपसायची नाही. खालच्या पत्राचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : तिसऱ्या-चौथ्या दिवशी आच मंदावते. सळईने ढवळलं की तासभर बरी वाटते, मग विझते. जाळीत काचेसारखे दगड अडकतात.
— थकलेली, विल्क्स-बॅरी

उत्तर : ते दगड म्हणजे खंगर, आणि ते ढवळण्याने होतात. राख खाली बसलेली असते तोवर निरुपद्रवी असते. सळईने ती वर, पांढऱ्या आचेत आणली की वितळते आणि गार होताना दगडासारखी गोठते. शेगडीतले निखारे उकसायची सवय इथे उलटी पडते.

बारा तासांनी एकदा, जाळी खालून हलवा. लांब झोके नकोत, आखूड आणि झटक्याचे. राखेच्या ट्रेत लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबा. त्याआधी थांबलात तर राख उरते, पुढे गेलात तर आचच खाली येते. तिसऱ्या दिवशीचं मंदावणं बहुधा कोपऱ्यांचं असतं. तिथे जाळीची हालचाल पोचत नाही, राख घट्ट बसते आणि आच चारी बाजूंनी आक्रसत मधल्या पट्ट्यापुरती उरते. टोकाला काटकोनात वाकवलेली सळई राखेच्या दारातून घालून कोपरे खालून मोकळे करा. दांडी अडली तर जोर लावू नका, जाळी ओतीव लोखंडाची असते आणि मोडते. पुढे-मागे हलकं करून खडा सोडवा.

आणि आच जवळजवळ गेलेली असेल तर आधी हलवू नका. हाताशी असलेले थोडे निखारेही ट्रेत जातील. राखेचं दार उघडा, समोर उभं राहा, दहा-पंधरा मिनिटांत लाली आली की दोन मुठी कोळसा घाला. ‘पी’ आकाराचा असेल तर उत्तम, बारीक खडा लवकर पेटतो. तो धरला की भरा आणि सगळं ठणठणीत झाल्यावरच जाळी हलवा.

ट्रे रोज रिकामा करायचा. राख जाळीला टेकली की खालची गार हवा पोचत नाही आणि जाळी वितळून वाकते.

प्रश्न : आमचा स्टोकर आहे, म्हणजे विजेवर आपोआप कोळसा घालणारा स्टोव्ह. राखेच्या डब्यात पेटते खडे पडतात. शिवाय वीज गेली की काय?
— ॲलनटाउन

उत्तर : फीड, म्हणजे कोळसा आत सरकण्याचा वेग, जास्त किंवा हवा कमी. जाळीच्या टोकाला इंचभर तरी विझलेली राख दिसायला हवी. फीड थोडं कमी करून तासभर थांबा, मग पुढचं. एका वेळी दोन स्क्रू फिरवले की कशाने काय झालं ते कळत नाही. जाळीची भोकं आणि पंख्याची पाती चुऱ्याने भरली आहेत का, तेही पाहा. कोळसा ‘राइस’ या बारीक आकाराचाच हवा, स्टोकर ‘बकव्हीट’चा (राइसपेक्षा थोडा मोठा खडा) असल्याचं पुस्तिकेत लिहिलं असेल तर बकव्हीट. वीज गेली की पंखा थांबतो आणि थोड्या वेळात आच जाते. थंडीतला भरवसा हवा असेल तर जनरेटर नाहीतर हाताचा स्टोव्ह.

प्रश्न : राख मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकली तर चालेल? सासूबाई भांड्यांनाही मागतात.
— ब्लूम्सबर्ग

उत्तर : दोन्हीला नाही. ही लाकडाची किंवा गोवरीची राख नव्हे. तिच्यात पोटॅश नाममात्र, आर्सेनिक-शिशासारखे धातू मात्र असू शकतात, आणि कठीण कणांनी स्टीलवर ओरखडे पडतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून आणि लाकडी डेकपासून दूर, काही दिवस गार होऊ द्या. मग बर्फाळ वाटेवर टाका किंवा कचऱ्यात द्या.

प्रश्न : घर तापवायला वर्षाला ६०० गॅलन तेल लागतं. कोळसा किती घ्यावा? आणि उन्हाळ्यात स्टोव्हचं काय करायचं?
— ईस्टन

उत्तर : एक टन, म्हणजे २००० पौंड, अँथ्रासाइटमध्ये सुमारे अडीच कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). कागदावर ते १८० गॅलन तेलाइतकं होतं, पण स्टोव्हची कार्यक्षमता तेलाच्या बॉयलरपेक्षा बहुधा थोडी कमी, म्हणून १६० धरा. तुम्हाला चार टन लागेल : ४० पौंडांची २०० पोती, किंवा सुट्या मालाला ८ × ५ फुटांची, ४ फूट उंच कोठी. घरातली धूळ नको असेल तर उपसण्याआधी कोळशावर झारीने थोडं पाणी शिंपडा. पोती अंगणात ठेवणार असाल तर झाका, नाहीतर जानेवारीत ती एकसंध ढेप होतात.

उन्हाळ्याची हेळसांड सगळ्यात महाग पडते. कोळशाने चिमणीत डांबर धरत नाही हे खरं, पण उडत्या राखेत गंधक असतं. मे महिन्यातली दमट हवा तिला लागली की आम्ल होतं आणि ते पाइप एका मोसमात चाळणी करतं. आच विझल्याच्या आठवड्यातच पाइप उतरवा, अंगणात झाडा, बेकिंग सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. स्टोव्हच्या आतली आणि चिमणीच्या तळाच्या दारामागची राख काढा. तिथे बादलीभर निघणं नवल नाही. साध्या व्हॅक्यूमची पिशवी ही राख अडवत नाही, बारीक फिल्टरचा हवा. जाळीला आणि आतल्या लोखंडाला तेलाचा हलका हात द्या आणि चिमणीचं तोंड फडक्याच्या बोळ्याने बंद करा. बोळ्याला लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात तो काढायचा राहणार नाही.