एअर सस्पेन्शनची गळती: एफडी मोडण्याआधी साबणाचं पाणी

प्रश्न: माझ्याकडे २०१२ ची मर्सिडीज एस-क्लास (डब्ल्यू२२१) आहे, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसलेली असते, चालू केली की वर येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ऑगस्ट २०२५ मध्ये पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (गाडीचं वजन हवेवर पेलणारे खांब) आणि त्यांत हवा भरणारा कंप्रेसर मिळून ४ लाख ६० हजारांचं एस्टिमेट दिलं. बाहेरचं गॅरेज एका आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या) स्ट्रटचे ७५ हजार, मजुरी १२ हजार आणि कंप्रेसर लागलाच तर आणखी ५५ हजार म्हणतं, जीएसटी वेगळा. एअर सस्पेन्शन काढून साधे कॉइल स्प्रिंग बसवायचे १ लाख ४० हजार. मावसभाऊ म्हणतो, घरीच करू. डीलर गाडी आहे तशी ६ लाखांना घेतो, सस्पेन्शन नीट असेल तर साडेसात. २०२७ मध्ये नोंदणी संपेपर्यंत गाडी ठेवायचा विचार आहे. हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, घरखर्च ८५ हजार, एसआयपी २० हजार, कर्ज नाही. ५ लाखांची एकच एफडी आहे, ७ टक्क्यांची. ती मोडून काम उरकू का? (ठाणे)

उत्तर: एफडी मोडू नका. आणि आजपासून गाडी रस्त्यावर काढू नका. या दोन्ही सल्ल्यांमागचं कारण एकच आहे.

तुमच्या डीलरने नकळत तुम्हाला खर्चाची मर्यादा सांगून ठेवली आहे. बिघडलेली गाडी ६ लाख, दुरुस्त झालेली साडेसात, म्हणजे या दुरुस्तीची बाजारातली किंमत दीड लाख. आता गॅरेजचा आकडा जीएसटीसकट मांडू. स्ट्रट आणि मजुरी ८७ हजार, त्यावर १८ टक्के, एकूण १ लाख २ हजार ६६०. हे मर्यादेत बसतं. कंप्रेसरही गेला तर १ लाख ४२ हजार, करासह १ लाख ६७ हजार ५६०. हे बसत नाही. गळका कोपरा सावरायला कंप्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते. त्याच्या रिलेचे (त्याला वीज देणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर तो थांबतच नाही आणि जळतो. त्यात ठाण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा. हवा कोरडी करणारी सिलिका जेल एका मर्यादेपर्यंतच ओलावा धरते, मग पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत, म्हणजे चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या भागापर्यंत पोहोचतं. त्यामुळे गळती तशीच ठेवून वापरलेला प्रत्येक आठवडा तुम्हाला पहिल्या आकड्याकडून दुसऱ्याकडे ढकलतो.

पण मुळात स्ट्रटच गेला आहे, हे कोणी तपासलंय का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. हवा तीन ठिकाणांहून जाऊ शकते: स्ट्रटचा रबरी बेलो (हवेची पिशवी), त्याच्या डोक्यावरचं नळीचं कनेक्शन, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक. यातलं कनेक्शन दुरुस्त व्हायला हजार रुपयेही लागत नाहीत. मावसभावाचा उत्साह इथे कामी लावा.

सपाट जागेवर गाडी लावा. रात्री दहाला चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, सकाळी सहाला दार न उघडता पुन्हा मोजा. दार उघडलं की सिस्टिम जागी होऊन उंची बदलू शकते. दोन रात्री हेच करा. चारही कोपरे तीन-चार मिलिमीटर उतरले तर तो थंड हवेच्या आकुंचनाचा परिणाम. एकटा डावा पुढचा कोपरा ४० उतरला तर गळती त्याच कोपऱ्याच्या नळीत किंवा स्ट्रटमध्ये आहे. दोन-तीन कोपरे वेगवेगळ्या वेळी उतरले तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर, आणि मग स्ट्रट विकत घेणं म्हणजे ८७ हजार पाण्यात.

मग लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून स्प्रेच्या बाटलीत भरा. गाडी पूर्ण वर आलेली असताना इंजिन बंद करून बॉनेटखाली स्ट्रटच्या डोक्यावरच्या पितळी नटाभोवती फवारा आणि पाच मिनिटं टक लावून बघा. कनेक्शन गळत असेल तर मोठे, स्पष्ट फुगे येतात. बेलो गळत असेल तर रबराच्या खालच्या घडीत, जिथे तो पिस्टनवर गुंडाळला जातो, तिथे उतू जाणाऱ्या दुधावर दिसतो तसा बारीक फेस येतो. घडी दिसावी म्हणून आधी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि मडगार्डच्या आत टॉर्च मारून बाहेरूनच बघा. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये हात घालायचा नाही. हवा गेली तर दोन टनांची गाडी एका क्षणात खाली येते. आत हात घालायचाच असेल तर जॅकवर विसंबू नका, जॅकिंग पॉइंटखाली तीन टनांचे दोन स्टँड लावा आणि कंप्रेसरचा रिले काढून ठेवा.

फुगे नटापाशी निघाले तर हे काम घरी करा. गाडी स्टँडवर, चाक मोकळं लटकतंय, डोळ्यांवर गॉगल. नट अर्धा आटा सोडा, थांबा, फुसफुस शांत होऊ द्या, मग पुढे. आतली हवा टायरपेक्षा कितीतरी जास्त दाबाची असते. काळ्या नळीचं टोक नव्या धारदार ब्लेडने काटकोनात साधारण एक सेंटिमीटर कापा. पक्कडीने कापलं तर टोक चेपतं आणि पुन्हा गळतं. जुनं फिटिंग परत वापरू नका, कारण त्याची रिंग नळीच्या जुन्या खाचेत बसलेली असते. नवं फिटिंग आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मग छोट्या पान्याने थोडंच घट्ट करा. इथे बहुतेकांचा हात जड होतो आणि आटे जातात. गाडी खाली घेण्याआधी बेलोत हवा भरलेली असलीच पाहिजे, नाहीतर त्याची घडी चुकीची पडते.

फेस रबरावर असेल तर घरगुती उपाय नाही. पंक्चरचा पॅच त्या घडीवर टिकत नाही, कारण ती सतत वर-खाली गुंडाळली जाते. सीलंट आत ओतलं तर व्हॉल्व्ह ब्लॉक जाम होऊन खर्च वाढेल. स्ट्रटही घरी बदलू नका. १२ हजार मजुरीत डॅम्परची (धक्के जिरवणाऱ्या भागाची) वायर, वरचा आर्म, डायग्नॉस्टिक मशीनने चाक अधांतरी असताना हवा भरणं आणि उंचीचं कॅलिब्रेशन येतं. रिकाम्या बेलोवर गाडीचं वजन पडलं तर ७५ हजारांचा नवा भाग त्याच दिवशी फाटू शकतो. अलाइनमेंट त्या १२ हजारांत धरलंय का, स्ट्रटची वॉरंटी किती आणि कोणाची, हे लेखी घ्या. भाग चॅसिस नंबरवरूनच मागवा.

उजवा स्ट्रट त्याच वयाचा आहे, हे खरं. तरीही दोन वर्षांसाठी ठेवायच्या गाडीत तो आज फेस न दाखवता बदलू नका. अधिकृत सेंटरला मात्र नवं एस्टिमेट मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे आणि तुमचा कागद त्याआधीचा आहे. अर्थात कर कमी होऊनही तो आकडा दीड लाखाच्या आसपास येणार नाही.

कॉइल स्प्रिंगचा पर्याय मला पटत नाही. गाडी ज्या चालीसाठी घेतली ती जाते, डॅशबोर्डवरचा इशारा दाबायला वेगळं मॉड्यूल लागतं आणि उत्पादकाच्या मूळ विवरणाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीचा ठरू शकतो. विमा कंपनीला कळवलं नाही तर पुढच्या दाव्यात वाद. विम्यातून या गळतीचे पैसेही मिळणार नाहीत, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत नसतात, झिरो डेप (भागांची घसारा-कपात न करणारं कव्हर) घेतलं तरी.

पैशांची सोय अशी करा. तुमच्याकडे महिन्याला ३५ हजार शिल्लक राहतात. एफडी ही तुमची सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकीही नाही, ५ लाख भागिले ८५ हजार म्हणजे सहा महिन्यांना थोडे कमीच. ती मोडली तर बँक सहसा अर्धा ते एक टक्का दंड लावते आणि ठेवलेल्या काळाचाच दर देते. त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घ्या, व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त. ८ टक्क्यांनी १ लाख २ हजार ६६० उचलले आणि महिन्याला ३५ हजार फेडले तर तीन महिन्यांत संपतात आणि व्याज साधारण साडेतेराशे रुपये. एसआयपी चालू राहू द्या. क्रेडिट कार्डावर हे बिल टाकू नका.

तपासणीत कंप्रेसरही मेलेला निघाला, म्हणजे गाडी वर यायलाच तयार नाही, तर आधी रिले आणि फ्यूज बदलून बघा, काहीशे रुपयांचं काम आहे. तरीही हलला नाही तर डीलरला फोन करा आणि ६ लाख घ्या. तोपर्यंत गाडी बसलेल्या बेलोवर उभी ठेवू नका, स्टँडवर घ्या. रबर चेपून राहिलं तर डीलरचा आकडाही खाली येईल.