बाबांना बरं करायचं काम मुलीच्या डोक्यावर नको

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर सोनारकाम करतात, रोज रात्री पितात. मुलीला पहिल्या नीटला ४१० पडले. तिला आता बी.फार्म करून दारू सोडवायच्या औषधांवर रिसर्च करायचाय, पण ताई तिला सारखं म्हणतात, रिपीट कर, एमबीबीएसच हो, "बाबांना तूच बरं करशील."

ताई, मार्कांचं नंतर बघू. त्या "तूच बरं करशील"वरून माझी नजर हलेना. पोरगी अठराची आहे ओ. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढं सायकियाट्रीचं, म्हणजे मानसोपचाराचं एमडी तीन वर्षं, म्हणजे उद्या सीट मिळाली तरी साडेआठ वर्षं झाली, तोवर मिस्टरांचं लिव्हर तिची वाट बघत थांबणार आहे का? आणि उद्या त्यांची सुटली नाही तर ती आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसेल. डॉक्टरसुद्धा स्वतःच्या घरच्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवतात.

तुम्ही पुढं लिहिलंय, "ते काही दारुडे नाहीत, रोज वेळेत पेढीवर जातात." हा गैरसमज कोल्हापुरात घरोघरी आहे. गटारीला रस्त्यात पडतो तोच दारुडा, बाकीचे नुसते 'बसतात'. पण त्याच पत्रात तुम्हीच लिहिलंय की सकाळी हात थरथरतात, थोडी घेतल्याशिवाय नाजूक काम होत नाही. ताई, हीच खूण आहे. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात: कमी करावी असं कधी वाटलं का, कुणी बोललं की राग येतो का, पिल्याचं अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्या उठल्या लागते का. दोन 'हो' आले तरी तपासून घ्यायची वेळ झाली. आणि एक, घरात शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका, इतकी सवय झालेल्या शरीराला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत जा, मिस्टर यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, नाहीतर १४४१६ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता मुलीचं. तिला खरंच यात गोडी असेल तर बी.फार्म अजिबात हलकी वाट नाही. एमएचटी-सीईटीतून बी.फार्म, मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म, फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं त्याचा अभ्यास) घेऊन पीएचडी, एवढंच. काम भरपूर पडलंय. दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोनला अमेरिकेत १९९४ला मान्यता मिळाली, आजही दारूसाठी रीतसर मान्यता असलेली औषधं बोटावर मोजण्याइतकीच आहेत. २०२५मध्ये डायबेटिस आणि वजनासाठी वापरतात त्या सेमाग्लुटाइडची ४८ जणांवर छोटी ट्रायल छापून आली, औषध घेणाऱ्यांची ओढ कमी झाली, ज्या दिवशी प्यायचे त्या दिवशीचे पेगही कमी झाले. एवढ्याशा ट्रायलवर उड्या मारायच्या नाहीत, पण हे पुढं तपासायला माणसं लागणारच आहेत.

फक्त ती हे बाबांसाठी करतेय की तिला केमिस्ट्री आवडते म्हणून, हे एकदा निवांत विचारा. बाबांची ट्रीटमेंट सुरू झाल्यावर विचारा, आधी नको, आत्ता ती खरं सांगणार नाही. तोवर सीईटीचा फॉर्म भरून ठेवा आणि रिपीटचा विषय घरात काढू नका.