परत काढता येईल तेच कर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आजोबांची जुनी फियाट घेऊन आलीस आणि अर्धा तास नुसती बॉनेटला टेकून उभी राहिलीस. मोबाइलवर फोटो दाखवलेस. एक गाडी मॅट काळी, रुंद अलॉय व्हीलची, आत मारुतीचं इंजिन. दुसरी जणू कालच शोरूममधून निघालेली. आणि मग म्हणालीस, "काका, एक जण म्हणतो इंजिन बदल, एक म्हणतो विकून टाक. मला काही कळेनासं झालंय." तेव्हा मी चहा पुढे केला आणि गप्प बसलो. बोललो असतो तर चिडून बोललो असतो.

विकू नकोस हे तुला सांगायला नको. विकणारी पोरगी सीटखाली हात घालून आजोबांची वही काढून दाखवत नाही.

मला एकच सांगायचंय. या गाडीला जे करशील ते परत काढता आलं पाहिजे.

1989 साली मी आमच्या 1966 च्या फियाट डिलाइटला डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा ती लाटच होती, डिझेल स्वस्त, फियाट आणि अँबॅसेडरवाले रांगा लावून बसवून घेत होते. गाडी वडिलांची, हट्ट माझा. नवं इंजिन बसेना म्हणून मिस्त्रीनं इंजिन आणि केबिनमधला पत्रा गॅसकटरनं कापायला घेतला. वडील गॅरेजच्या दारात टोपी हातात धरून उभे होते. लाल झालेला पत्र्याचा तुकडा खाली पडला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे परत जोडता येईल का?" मिस्त्री हसला. मीही हसलो.

मूळ इंजिन मी भंगारात किलोवर घातलं. 1,089 सीसीचं, कागदावर नंबर असलेलं, चालू इंजिन. नवं इंजिन इतकं जड, की गाडी नाकावर बसली. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, तरी स्टिअरिंग दगडासारखं राहिलं. वडिलांनी नंतर ती गाडी कधी चालवली नाही. बोलले काहीच नाहीत. ते गेले आणि मी त्या इंजिनाच्या मागे लागलो. चौदा वर्षं गेली. शेवटी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे टॅक्सीतून निघालेलं तसलंच इंजिन मिळालं. फियाट बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता, तिथंच जन्मलेलं आणि तिथंच पडलेलं. कोल्हापूरला आणून उद्यमनगरात त्याचे झिजलेले सिलिंडर बोअर करून घेतले, मग बसवलं. गाडी परत गाते. पण बॉनेट उघडलं की आडवी वेल्डची शीर दिसते आणि इंजिनाचा नंबर आपला नाही. ते आता कुणालाच परत करता येणार नाही.

म्हणून चिडलो. तुझ्यावर नव्हे.

आणि तुझं इंजिन बदलायचं कारण काय, तर घाटात गरम झाली की बंद पडते! अगं, इंजिनाला काहीही झालेलं नाही. उन्हात इंजिनावरचा पेट्रोलचा पंप आणि पाइप तापतात, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. पंपावर ओलं फडकं टाक, दहा मिनिटं सावलीत थांब. तुझ्या आजोबांच्या डिकीत पाण्याची बाटली आणि पंचा का असायचा वाटतं तुला? मग पाइप सायलेन्सरच्या नळीपासून किती लांब आहे ते आपण बघू. दहा मिनिटांच्या कामासाठी गाडीचं काळीज काढायला निघालीस.

रंग बदलायचाय? बदल, आरसीवर नोंद करून. रंग खरवडता येतो. पण डिकीच्या झाकणाच्या आतला मूळ रंग कुणाला घासू देऊ नकोस. उद्या शेड जुळवायची तर तेवढाच पुरावा. रुंद चाकांना मडगार्ड कापावं लागतं, म्हणून ती नकोत. खालचा गंजलेला पत्रा मात्र कापावाच लागेल, त्यावर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारणाऱ्याला दारात उभं करू नकोस. तिथं जे होतं तेच परत येतंय, ते चालतं.

कायद्याचंही ऐक. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाला छेद जाईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. आणि 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चासी (खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसेल तरच. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. मात्र अशी नोंदणी केलीस की रोज ऑफिसला नेता येणार नाही, ते आधी ठरव. तुझी 1968 ची आहे. तिला हे दार उघडं आहे. माझ्या गाडीसाठी ते मी स्वतःच बंद करून बसलोय.

आता तू म्हणशील, काका, तुमच्या गाडीत अल्टरनेटर कसा? होय, वीज तयार करणारा मूळचा डायनॅमो काढून मीच त्या जागी बसवला. रात्री दिवे मिणमिणायचे, समोरचा ट्रक दिसायचा नाही. पण त्यासाठी एक भोक पाडलं नाही, एक वायर कापली नाही. डायनॅमो ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहे, चिठ्ठी बांधून. तासाभरात परत चढतो. लोक म्हणतात या माणसानं घर सोडून गाडीत पैसे घातले. घातले. पोरांची फी कधी थकवली नाही, आणि जे मोडलं ते माझं मीच भरून काढलं. मला त्याची लाज नाही. लाज वाटते ती फक्त त्या हसण्याची.

येत्या रविवारी सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. आधी एकही नट न खोलता फोटो काढू, मग ठिणगीचे पॉइंट आणि व्हॉल्व्हचे टॅपेट बघू. प्लास्टिकच्या पिशव्या आण. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते पिशवीवर लिहायचं. आणि आजोबांची ती वही विसरू नकोस. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंग पिनला शेवटचं ग्रीस कधी दिलं ते त्यात असणार.

तुझा काका